दोन मिलिलिटर रक्त

एमडीच्या पहिल्या वर्षी, प्रबंधाचा विषय ठरवायच्या दिवसांत, माझ्या वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले होते: ५९.१ आणि ४०. पहिला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा, म्हणजे २०१९ ते २१ या काळातला. देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी इतक्या टक्के मुलींना रक्तक्षय आहे, असं तो सांगतो. दुसरा समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाचा, २०१६ ते १८ मधला, १० ते १९ वयाच्या मुलींचा. वयोगट वेगळे आहेत, वर्षंही थोडी पुढेमागे आहेत. तरीसुद्धा एवढी दरी केवळ वयाने पडत नाही. मी गाइड मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "रक्त कुठून काढलं ते बघ आधी."

पहिल्या सर्वेक्षणात बोटाला टोचून आलेला थेंब हिमोक्यू नावाच्या छोट्या यंत्रात घालून जागच्या जागी हिमोग्लोबिन मोजलं होतं. दुसऱ्यात हाताच्या शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत नेलं होतं.

बोटाचा थेंब सोपा वाटतो, पण तो हट्टी असतो. हात गार असेल तर रक्त येत नाही. येत नाही म्हणून बोट दाबलं, की रक्ताबरोबर ऊतींमधलं पाणीही बाहेर येतं आणि थेंब पातळ होतो. पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढचा घ्यायचा, क्युवेट, म्हणजे थेंब भरायची यंत्राची छोटी पट्टी, एकाच वेळी पूर्ण भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये, क्युवेटच्या डबीचं झाकण उघडं ठेवायचं नाही, कारण दमट हवा लागली की तीही बिघडते. हे सगळं पाळूनसुद्धा डाव्या हाताच्या बोटाचं आणि उजव्या हाताच्या बोटाचं वाचन सारखं येईलच असं नाही. एका मुलीसाठी शंभर मिलिलिटर रक्तामागे अर्ध्या ग्रॅम हिमोग्लोबिनचा फरक फार मोठा नसेल. पण रक्तक्षय ठरवणाऱ्या १२ ग्रॅमच्या रेषेच्या आसपास आपल्याकडच्या असंख्य मुली असतात. रेषा जिथे गर्दीतून जाते तिथे अर्ध्या ग्रॅमने लाखो मुली या बाजूच्या त्या बाजूला होतात.

विषय तिथेच ठरला. बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावांमध्ये १० ते १९ वर्षांच्या मुलींमधला रक्तक्षय मोजायचा आणि तो शिरेतल्या रक्तावर मोजायचा.

विभागात सगळ्यांना हे पटलं नाही. एका सीनियरचं म्हणणं सरळ होतं: "बोटाला टोचायला पोरी हात पुढे करतात. सिरिंज बघितली की पळतात. तुझा प्रबंध अडकेल." म्हणणं खोटं नव्हतं. पण मोजमापच डळमळीत असेल तर त्यावर रचलेली सगळी टेबलं डळमळीत, हे मला मनापासून वाटत होतं आणि आजही वाटतं.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिताना पहिला गुंता पडला तो नमुना-संख्येचा, किती मुली तपासायच्या याचा. पीएसएमच्या, म्हणजे आमच्या प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, प्रत्येक निवासी डॉक्टरला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं ते सूत्र: चार पीक्यू भागिले एल वर्ग. पी म्हणजे आधीच्या अभ्यासातलं प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेलं, एल म्हणजे आपल्याला चालेल तेवढी चूक. पी ५९ धरला आणि त्याच्या दहा टक्के चूक चालवून घेतली, तर उत्तर येतं २७८. पी ४० धरला, तर त्याच हिशेबाने ६००. म्हणजे कुठल्या सर्वेक्षणावर विश्वास ठेवायचा यावर माझं काम दुप्पट होणार की नाही हे ठरत होतं. अनेक जण इथे सोयीचा पी शोधतात. आमच्या सांख्यिकीच्या सरांनी मला कागदावर दुसरी बाजू दाखवली. चूक पीच्या टक्केवारीत न धरता सरळ पाच टक्के-गुण धरली, तर ५९ ला ३८७ आणि ४० ला ३८४. जवळपास सारखंच. "आता तुला पी निवडायचा मोह उरला नाही," ते म्हणाले. मी ३८४ घेतले, दहा टक्के मुली नकार देतील किंवा सापडणार नाहीत असं धरून ते ४२७ केले, आणि अंगणवाडी व आशा यांच्या यादीतून यादृच्छिक क्रमांकांनी नावं काढायची असं लिहिलं.

शाळेत जाऊन वर्गच्या वर्ग तपासणं कितीतरी सोपं पडलं असतं. पण शाळा सोडलेली मुलगी त्यात येत नाही आणि आमच्या भागात नेमकी तीच मुलगी महत्त्वाची. म्हणून घरोघरी जायचं ठरलं.

नंतर नीतिशास्त्र समिती. या समितीविषयी निवासी डॉक्टरांमध्ये नाराजी फार, कारण तारीख मिळत नाही, कागद परत येतात. माझेही परत आले. पण त्या बैठकीत मी जे शिकले ते कुठल्याच व्याख्यानात शिकले नव्हते. समितीत डॉक्टरांशिवाय एक वकील असतात, एक समाजशास्त्राच्या जाणकार असतात आणि एक सामान्य नागरिक असतो. आमच्या समितीत ते निवृत्त शिक्षक होते. डॉक्टर सदस्यांनी मला निकष, वगळण्याच्या अटी, नमुना यांवर विचारलं. गुरुजींनी दोनच गोष्टी विचारल्या. "दोन मिलिलिटर म्हणजे किती, हे तुमच्या पत्रकात कुठे आहे?" आणि "त्या मुलीला तिचा रिपोर्ट कोण देणार, कधी देणार?"

पत्रकात 'शिरेद्वारे २ मि.ली. रक्तनमुना संकलित करण्यात येईल' असं छापलं होतं. बदलून लिहिलं: 'हाताच्या शिरेतून अर्ध्या चमच्यापेक्षा कमी रक्त काढू. थोडं टोचेल. नको वाटलं तर कुठल्याही क्षणी नाही म्हणता येईल, त्याने दवाखान्यातल्या उपचारात काही फरक पडणार नाही.' आणि रिपोर्ट आठ दिवसांत घरी पोचवायचा, तोही मुलीच्या आणि आईच्या हातात, चावडीवर वाचून नाही, ही अट समितीने घातली. ८ ग्रॅमच्या खाली कुणी निघालं तर त्याच दिवशी फोन करून रुग्णालयात पाठवायचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमतीचे तीन प्रकार करावे लागले. १८ पूर्ण झालेली मुलगी स्वतः सही करणार. १२ ते १७ च्या मुलीच्या आईवडिलांची सही आणि शिवाय तिचा स्वतःचा लेखी होकार. त्याहून लहान मुलीचा तोंडी होकार, पालकांची सही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या अंगठ्यासोबत तटस्थ साक्षीदार.

एक मागणी मी जास्तीची केली होती. काही मुलींचं बोटाचं आणि शिरेचं, दोन्ही रक्त एकाच वेळी मोजायचं, म्हणजे दोन पद्धतींची थेट तुलना होईल. समितीने दोनदा टोचण्याला आधी नाहीच म्हटलं. चर्चेनंतर परवानगी दिली ती फक्त १५ च्या पुढच्या आणि वेगळी संमती देणाऱ्या मुलींसाठी. ती मर्यादा योग्यच होती.

आता गाव.

सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी ताई, आशाताई यांच्याशी बोलणं झालं, पण दार उघडतं ते आशाताईमुळेच. आमच्या आशाताईंना प्रत्येक घरातली मुलगी कितवीत आहे, कुठे गेली आहे, कुणाच्या घरी सध्या बोलायची सोय नाही, हे पाठ होतं. सांख्यिकीच्या भाषेत जिला नमुना-चौकट म्हणतात, म्हणजे ज्यांतून नमुना निवडायचा त्या सगळ्यांची यादी, ती प्रत्यक्षात त्यांच्या डोक्यात होती. अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये नसलेल्या मुली त्यांनी सांगितल्या. मामाकडे शिकायला आलेली, लग्न होऊन चार महिन्यांत परत आलेली, बोलता न येणारी म्हणून घरातच ठेवलेली. यादी पूर्ण झाल्यावरच मी क्रमांक काढले.

एका ओसरीवर एक आजी मला म्हणाल्या, "कशाला घ्यायलात एवढं रगत? आधीच पोरीच्या अंगात रगत नाही म्हनता, आन् तेच काढून नेता." यापेक्षा रास्त प्रश्न मला कुठल्याही परीक्षकाने विचारला नाही. मी जवळ ठेवलेली जांभळ्या टोपणाची नळी त्यांच्या हातात दिली, त्यात खुणेपर्यंत पाणी भरलं, आणि ते त्यांच्याच घरातल्या चमच्यात ओतून दाखवलं. आजींनी चमचा तिरपा करून पाहिला. मग मुलीला हाक मारली. पुढे प्रत्येक घरी हेच करायचं ठरवलं. पत्रकातल्या वाक्यापेक्षा चमचा लवकर कळतो.

रक्त विकतात, रक्तावरून मुलीला काही आजार आहे हे कळतं आणि लग्न जमत नाही, असल्या शंका होत्या. त्या मी कधी हसण्यावारी नेल्या नाहीत. लग्नाची भीती तर खोटी नव्हतीच. ज्या घरात मुलीच्या प्रत्येक गोष्टीची चर्चा पाहुण्यांमध्ये होते, त्या घराने कागद कुठे जाणार हे विचारायलाच हवं. नावाच्या जागी क्रमांक असतो, नाव आणि क्रमांक जोडणारी वही माझ्या कुलपात असते, हे मी वही दाखवून सांगत असे. तरीही काही जणांनी नाही म्हटलं. एका वडिलांनी कारण न देता हात जोडले. एका सोळा वर्षांच्या मुलीच्या आईची सही झाली होती, मुलीने मात्र मान हलवली. आई रागावली, "कर की गं, डॉक्टर मॅडम एवढ्या उन्हात आल्यात." मी फॉर्मवर 'होकार नाही' लिहून उठले. मुलीचा स्वतंत्र होकार घ्यायचा तो अशाच वेळेसाठी. ती मुलगी नंतर अंगणवाडीत येऊन म्हणाली असती तर घेतलं असतं. ती आली नाही, आणि तिचा नकार तसाच मोजला गेला.

रक्त काढायचं काम आमच्या प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांचं. त्यांनी उमेदीच्या काळात साहली नावाच्या जुन्या पद्धतीने हजारो हिमोग्लोबिन केली होती: नळीत सौम्य आम्ल, वीस मायक्रोलिटर रक्त, थोडं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालून तपकिरी रंग जुळवायचा. "खिडकीतलं ऊन बदललं की हिमोग्लोबिन बदलायचं," ते सांगत. त्यांच्या हाताला मुली घाबरत नसत. आधी मुलीला निजवायचं, कारण बसलेली मुलगी चक्कर येऊन पडते, आणि एक पडली की बाहेर रांगेतल्या दोघी-तिघी तिला बघूनच पडतात. म्हणून अंगणवाडीच्या खोलीत साडीचा पडदा लावला, एका वेळी एकच मुलगी आत. पट्टा मिनिटभराच्या वर बांधायचा नाही, नाहीतर रक्त शिरेत साचून घट्ट होतं आणि आकडा खोटाच वर जातो. नळी हलवायची नाही, हळुवार आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, म्हणजे गुठळी होत नाही. सुई लगेच कटरमध्ये, तुकडे पांढऱ्या डब्यात. मग बिस्किटाचा पुडा आणि दहा मिनिटं बसणं.

नळ्या लसीच्या डब्यातून महाविद्यालयात न्यायच्या. इथे आरोग्य केंद्रातल्या परिचारिका ताईंचं ज्ञान कामी आलं. फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक तसाच ठेवला तर त्याला टेकलेलं रक्त गोठून फुटतं. पॅक बाहेर ठेवून आतलं पाणी खुळखुळेपर्यंत थांबायचं, लसीला करतात तसंच. दुपारी तीनच्या आत नळ्या यंत्रावर चढायच्या. यंत्रावर रोज सकाळी कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन ठरलेल्या मूल्यांचे नमुने चालवून ते बरोबर दाखवतंय ना हे बघितल्याशिवाय मुलींच्या नळ्या लावत नसू. एका दिवशी मधला नमुना जुळेना. त्या दिवशी यंत्र दुरुस्त होईपर्यंत नळ्या थंड जागी थांबल्या, वेळेची मर्यादा ओलांडलेल्या काही बाद झाल्या, आणि मला त्या मुलींकडे पुन्हा जाऊन पुन्हा संमती मागावी लागली. त्यातल्या बहुतेकींनी पुन्हा हात पुढे केला. त्यांनी दाखवलेल्या विश्वासाचं ओझं मला आजही जाणवतं.

काम रुळावर येतंय तोवर दसरा झाला आणि गावं रिकामी व्हायला लागली.

बीडमध्ये राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलं काही आजीपाशी राहतात, काही शाळेच्या हंगामी वसतिगृहात, पण मोठ्या मुली बऱ्याचदा बरोबर जातात, कारण पाठीमागे मोठी मुलगी एकटी ठेवायला आईला धीर होत नाही, आणि फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, धाकट्यांना सांभाळायला, भाकरी थापायला कुणीतरी लागतं. माझ्या यादीतल्या कितीतरी क्रमांकांसमोर आता कुलूप होतं.

नियमाने मला त्यांना 'अनुपलब्ध' लिहिता आलं असतं. दहा टक्के मी आधीच जास्त घेतले होते, आकडा भरत होता. काही जणांनी तोच सल्ला दिला, आणि तो पद्धतीत बसणाराही होता. पण अनुपलब्ध मुली जर कुठल्याही मुली असत्या तर गोष्ट वेगळी होती. या मुली ठरावीक घरांतल्या होत्या. ज्या घरांत उचल घ्यावी लागते, जिथे पहाटे तीनला चूल पेटते, जिथे पाच-सहा महिने ना अंगणवाडी ना शाळा, तिथल्याच. साप्ताहिक लोहगोळी, ती निळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची, शाळेत नाहीतर अंगणवाडीत मिळते. उसाच्या फडात ती मिळायची शक्यता फार कमी. वर्षातून दोनदा मिळणाऱ्या जंतनाशक गोळीतली फेब्रुवारीची फेरीही यांची चुकते. या मुली वगळून काढलेलं प्रमाण दिसायला सुबक आलं असतं, पण ते मागे राहिलेल्यांचं प्रमाण झालं असतं.

मॅडमशी बोलले. त्यांनी समितीकडे कालावधी वाढवून मागायला लावला, कारण मंजूर तारखेबाहेर एक नळीसुद्धा घेता येत नाही. दुरुस्ती मंजूर झाली. मधल्या काळात मी गावात राहिलेल्यांची प्रश्नावली आणि आहाराची माहिती पुरी केली. काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय खाल्लं, हे वाटी-भाकरीच्या मापाने विचारायचं. पालक, मेथी किती खाल्ली यापेक्षा मला चहाचं विचारणं महत्त्वाचं वाटू लागलं. जेवण झालं की लगेच चहा, गोळी घेतली की तोंडाची चव जायला चहा. चहातली द्रव्यं लोह शोषू देत नाहीत. भाकरीसोबत लिंबाची फोड मात्र मदत करते. हे सांगायला पैसे लागत नाहीत, म्हणून प्रत्येक घरी सांगितलं.

गुढीपाडव्याच्या मागेपुढे टोळ्या परत यायला लागल्या. आशाताईंचा फोन यायचा, "मॅडम, ते वरच्या वस्तीवरचे आले बघा." उन्हाळा चढलेला, दुपारच्या आत नळ्या पोचवायच्या म्हणून आम्ही उजाडताच गावात. परतलेल्या मुलींमध्ये मला थकवा दिसत होता, पण दिसण्यावर निष्कर्ष काढायचा नाही हे शिकूनच तर इथवर आले होते. दोन मुली ८ च्या खाली निघाल्या. त्याच संध्याकाळी फोन गेले. एकीचे वडील रात्रीच मोटारसायकलवर तिला घेऊन रुग्णालयात पोचले.

विश्लेषणाच्या वेळी माहिती दोनदा, दोन वेगळ्या माणसांकडून भरून घेतली आणि जिथे दोन फायली जुळल्या नाहीत तिथे मूळ फॉर्म काढून पाहिला. हे कंटाळवाणं काम आहे, पण एका दशांश चिन्हाने ११.२ चे ११२ होतात.

निष्कर्षांविषयी थोडक्यात. हंगामाला गेलेल्या मुलींत रक्तक्षय राहिलेल्यांपेक्षा जास्त दिसला. गट लहान होता, विश्वासमर्यादा रुंद होती, म्हणजे आकडा बराच अनिश्चित होता, म्हणून प्रबंधात मी तेवढंच जपून लिहिलं. बोट आणि शिरेच्या तुलनेचा आलेख काढला तो ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८६ च्या पद्धतीने: दोन वाचनांची सरासरी आडव्या रेषेवर, फरक उभ्या रेषेवर. ठिपके शून्याभोवती दाटीने बसायला हवे होते, ते बरेच पसरले. बोटावर रक्तक्षय आणि शिरेवर ठीक अशा मुली होत्या, आणि उलट्याही होत्या. मी लिहीत असतानाच, मार्च २०२४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेची नवी मार्गदर्शक सूचना आली आणि तिच्यात शिरेतलं रक्त आणि स्वयंचलित यंत्र हीच पसंतीची पद्धत सांगितली होती. विभागात पेढे वाटावेत असं वाटलं.

मला जास्त विचारात पाडलं ते वेगळ्याच रकान्याने. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी लहान होतात. आमच्या काही रक्तक्षयी मुलींच्या पेशी लहान नव्हत्या, काहींच्या तर मोठ्या होत्या. तिथे बी-१२ किंवा फोलेटची शंका येते. राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीन मुलामुलींपैकी ३१ टक्क्यांत बी-१२ कमी होतं आणि ३७ टक्क्यांत फोलेट. माझ्याकडे फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी-१२ करण्याइतके पैसे नव्हते.

हे वाचताना मला ल्यूसी विल्स भेटल्या. १९२८ मध्ये ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासू लागली. या बायकांच्या लाल पेशी मोठ्या होत्या. विल्स यांनी त्यांचा आहार पाहिला, माकडांवर प्रयोग केले आणि यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातलं द्रव्य पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखलं गेलं. आज गावोगावच्या निळ्या गोळीत जे ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड आहे, त्याचा माग परळच्या कामगार बायकांच्या रक्तापर्यंत जातो. त्या बायकांची नावं कुठेच नाहीत. मला हे फार लागलं. प्रबंधाच्या आभारात मुलींची नावं मलाही लिहिता येत नव्हती, गोपनीयता म्हणून, आणि ते बरोबरच होतं. पण गावांच्या आशाताईंची नावं त्यांना विचारून लिहिली, सगळ्यांची, आणि छापील प्रत त्यांच्या बैठकीत नेऊन दाखवली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एवढा कालावधी का वाढवला? नमुना तर डिसेंबरातच पुरा झाला असता." मी हंगामाचं सांगितलं. ते विदर्भातले होते, त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न यंत्राच्या रोजच्या तपासणीवर विचारला. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. इतक्या आपुलकीने माझ्याशी कुणी त्या विषयावर बोललं नव्हतं.

प्रबंध विद्यापीठात जमा झाला. पण शिफारशी कपाटात जाऊ नयेत म्हणून मी एक पानी पत्र मराठीत लिहून आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि तालुक्याला दिलं. मागणी एकच होती: टोळ्या निघायच्या आत, दसऱ्याच्या आधी, जाणाऱ्या मुलींची यादी करावी आणि आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिन्यांच्या २६ निळ्या गोळ्या आणि एक जंतनाशक गोळी आईच्या हातात द्यावी, चहाबरोबर घ्यायची नाही हे सांगून. तालुक्याकडून पोच आली, उत्तर अजून नाही. आरोग्य केंद्राने मात्र साठा होता तेवढा वाटला. कुणाला दिल्या, किती उरल्या, कुणी घेतल्या, हे लिहायला आशाताईंनी स्वतः एक वही घातली आहे. पाडव्याला टोळ्या परतल्या की ती वही घेऊन बसायचं आमचं ठरलं आहे, आणि या वेळी मी फेरिटिनसाठी अनुदानाचा अर्ज आधीच भरला आहे.